पहिल्या सफेतली जागा

नमाजेच्या शेवटी मान आधी उजवीकडे वळवायची, मग डावीकडे. दोन्ही बाजूंना सलाम म्हणायचा. तुमच्यावर शांती असो, एवढाच त्याचा अर्थ. त्या दुपारी वखारीतल्या नमाजेत मी मान उजवीकडे वळवली. शेजारी आमचे शेठ बसले होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

त्या रुमालाला मी सलाम केला.

शेठ उठले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मागं वळले आणि शेवटच्या रांगेतल्या माझ्या बापाला म्हणाले, "तांडेल, ही चटई खाडीवर नेऊन धू. मासळीचा वास लागलाय."

माझा बाप उठला. मी जिथं कपाळ टेकलं होतं ती चटई त्यानं गुंडाळली, काखेत मारली आणि खाडीकडे चालू लागला. वखारीतली चाळीसएक माणसं बघत होती. मौलवींनी डोळे मिटून तसबीहचे मणी ओढायला सुरुवात केली.

मासळीचा वास. तीन वर्षांत मी जाळ्याला हात लावला नव्हता. त्या वखारीत मी कारकून होतो. माझ्या बोटांना शाईचा वास यायचा. पण आम्ही दालदी, मासेमारी करणारे मुसलमान. शेठ खानदानी घरातले. दालद्याला अत्तराच्या पिंपात बुडवून काढला तरी खानदानी नाकाला बांगडाच लागतो.

चूक माझी होती, असं मला नंतर समजावण्यात आलं. मी पहिल्या सफेत उभा राहिलो होतो. सफ म्हणजे नमाजेची रांग. तिचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जो आधी येईल तो पुढं. खांद्याला खांदा लावायचा. मधे जागा सोडायची नाही. त्या दिवशी मी आधी आलो आणि पुढं उभा राहिलो. नियमाप्रमाणे वागलो, एवढाच गुन्हा.

घरी आल्यावर बापाला विचारलं, "तू का धुतलीस?"

तो पेज भुरकत होता. "चटईच ती. धुतली म्हंजे साफ झाली."

"घाण कुठं होती?"

"सबर कर, पोरा. सबर करनाऱ्याच्या बाजूला अल्ला असतो."

त्या दुपारी माझ्या बाजूला कोण होतं ते मी बघितलं होतं.

त्या वर्षांत रत्नागिरीत देवळात कोणाला घ्यावं आणि कोणाला घेऊ नये यावर सभा गाजत होत्या. शेठ वर्तमानपत्र वाचून हसायचे. "बघ, ह्यांचं काय चाललंय. आपल्यात असलं काही नाही. आपल्यात बादशहा आणि गुलाम एका सफेत." हे ते मला सांगायचे. ते बसलेले असायचे, मी उभा असायचो. खोलीत दुसरी खुर्ची होती.

वखार राजिवड्याच्या बाजूला, खाडीच्या काठावर. मंगळूरकडून कौलं यायची, कारवारकडून सागाचं लाकूड. माझा बाप तरुणपणी शेठच्या वडलांच्या गलबतावर तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर शीड चढतं नि उतरतं. एका डोळ्यात फूल पडलं तेव्हा त्याला किनाऱ्यावर उतरवला. आता डोक्यावर चुंबळ ठेवून तो त्याच गलबतातली कौलं वाहायचा. हाक मात्र तांडेलच राहिली. मान द्यायला काही पडत नसलं की लोक सढळ हातानं देतात.

शेठ हजला जाऊन आले आणि वखारीत धर्म आला. त्याआधी आमची नमाज आमची होती. कोणी धक्क्यावर पढायचा, कोणी लाकडांच्या आडोशाला, कोणी पढायचाच नाही आणि रमजानात भरपाई करायचा. शेठनी मुंबईहून एक मौलवी आणले. गोरे, गुबगुबीत, आवाज लोण्यासारखा. दर गुरुवारी काम सुरू होण्याआधी ते आम्हाला तासभर बयान, म्हणजे प्रवचन, द्यायचे. आम्ही उकिडवे बसून ऐकायचो. बयानाचा सारांश एकच असायचा. काम हीच इबादत. मालक अल्लानं नेमून दिलाय, तेव्हा जो मालकावर नाराज तो अल्लावर नाराज. शुक्र करा, सबर करा, राजी राहा.

मला वाचायची खोड. मी व्हर्नाक्युलर फायनल झालो होतो, गावातल्या वाचनालयातली कपाटं उपसली होती, घरी कुराणाचा उर्दू तर्जुमा होता. मी तो उघडून बसलो. सबर होता. पानोपानी होता. पण सोसणाऱ्याला जितका सबर सांगितला होता, त्याहून मोठा धाक सोसायला लावणाऱ्याला घातला होता. मौलवींच्या प्रतीत ती पानं एकमेकांना चिकटलेली असावीत. दमट हवेत असं होतं.

मग शेठच्या डोक्यातून एक बुक निघालं. नमाजेच्या हजेरीचं बुक. लांबट, लाल पुठ्ठ्याचं, मुद्दाम बांधून घेतलेलं. नाव, जोहर म्हणजे दुपारची नमाज, असर म्हणजे तिसऱ्या प्रहराची, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात दोनच शब्द चालायचे. राजी किंवा नाराज. ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल, जो बयानात जांभई देईल, जो जेवणाची सुट्टी पुरत नाही म्हणेल, तो नाराज. महिन्यात तीनदा नाराज झाला की त्या माणसानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. कोण राजी, कोण नाराज हे मौलवी सांगायचे. लिहायचो मी.

हे सांगायलाच हवं. दीड वर्ष मी ते बुक लिहिलं. वळणदार अक्षरात.

वखारीत हिंदू माणसंही होती. नमाजेच्या वेळी त्यांनी सावलीत गप्प बसायचं आणि बोलायचं नाही असा हुकूम होता. त्यांच्या नावापुढंही शेरा असायचा. गोविंद भंडारी त्यांचा म्होरक्या. एकदा मला म्हणाला, "मुन्शी, माझं काय लिवलंस आज?"

"राजी."

"बरं झालं सांगितलंस. बायकोला जाऊन सांगतो. ती म्हंते, तू उपाशी हायस."

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते हसनचाचाचं बोलणं. हसनचाचा माझ्या बापाबरोबर गलबतावर होता, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. आम्हाला लहानपणी शिकवतात की माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात. एक त्याचं पुण्य लिहितो, एक पाप. हसनचाचा माझ्या बुकाकडे बघून म्हणाला, "ते दोघं बिचारे फुकट लिवतात रे. तू पगारी."

माणसं हसली. मीही हसलो.

त्याच महिन्यात हसनचाचाला तिसरा नाराज मिळाला. कारण काय, तर बयान चालू असताना तो पायातला काटा काढत होता. मौलवींनी सांगितलं, मी लिहिलं. शाई वाळायला वेळ लागला म्हणून वर वाळू टाकली. हसनचाचा जयगडला मुलीकडे गेला. जाताना बापाला भेटला, मला नाही.

चटई धुतली ती त्यानंतर. आणि आता सगळ्यांत घाणेरडी गोष्ट सांगतो. बुकात माझंही नाव होतं. ज्या दिवशी माझ्या बापानं खाडीच्या पाण्यात ती चटई घासली, त्या दिवशी संध्याकाळी माझ्या नावापुढं मी माझ्या हातानं लिहिलं, राजी.

दोन आठवड्यांनी अमावास्या आली. अमावास्या-पुनवेला आमच्याकडे भर दुपारी पाणी सगळ्यात वर चढतं आणि चढलं तसंच झपाट्यानं उतरतं. आमच्या धक्क्यापुढं पाण्याखाली कातळाची एक धार आहे. भरती असेतो गलबत तिच्यावरून धक्क्याशी येतं. पाणी उतरायच्या आत ते पुन्हा धारेबाहेर काढायचं, माल अर्धा उतरला असला तरी. उरलेला पुढच्या भरतीला. हे तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

म्हणून अशा दिवशी नमाजेची घंटा उशिरा व्हायची. भरती हाही अल्लाचाच हुकूम, असं मौलवी सांगायचे. जोहरला मुदत मोठी असते, असरपर्यंत कधीही पढता येते. ते खरंही होतं.

त्या दिवशी मात्र पाहुणे होते. मुंबईचे एक व्यापारी, शेठचे हजच्या वाटेवरचे सोबती. शेठ त्यांना सकाळपासून वखार दाखवत होते. लाकूड दाखवलं, कौलं दाखवली, मौलवी दाखवले, मग मला बुक घेऊन माडीवर बोलावलं. पाहुण्यांनी पानं चाळली. "वा," ते म्हणाले, "तुम्ही तर माणसाचं दिल लिहून ठेवलंय."

"माझ्या वखारीत घंटा झाली की हातातलं कौल हातात राहतं," शेठ म्हणाले. "आता बघालच."

खाली धक्क्याशी कौलांनी भरलेलं गलबत लागलेलं होतं. पाऊण माल अजून आतच होता. पाण्यानं उलट खाल्ली होती. धक्क्याच्या दगडावर ओली रेघ वर राहून पाणी खाली सरकताना मला माडीवरून दिसत होतं. शेठनी बोट वर केलं. घंटा झाली.

माझा बाप जिना चढून वर आला. डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरलेली. त्यानं उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं, "शेठ, पानी उतराय लागलंय. गलबत धारंच्या भायेर काढतो नि मंग पढतो. थोड्या वेळाचं काम हाय."

शेठनी पाहुण्यांकडे बघितलं. मग बापाकडे बघून हसले. "आधी अल्ला, तांडेल. मग पाणी."

"सुभानल्ला," पाहुणे म्हणाले.

बापाचा चांगला डोळा खाडीकडे होता. मग "जी" म्हणाला आणि खाली जाऊन हातपाय धुवायला, वजू करायला बसला.

आम्ही सगळे उभे राहिलो. पहिल्या सफेत शेठ, पाहुणे आणि शेठचे आप्त. मी चौथ्या सफेत. बाप माझ्या मागं. जोहरच्या नमाजेत इमाम मनातल्या मनात पढतो. तो काय पढतोय ते कळत नाही, तो किती वेळ उभा आहे एवढंच कळतं. मौलवी त्या दिवशी फार वेळ उभे राहिले. पाहुण्यांना कळावं इतका वेळ.

दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, खाडीकडून लाकूड करकरलं. कोणी हललं नाही. मागं माझ्या बापाचा श्वास मला ऐकू येत होता. पुन्हा करकरलं, जास्त लांब. मग गोविंदचा आवाज आला, "आरं, बसलं! धारंवर बसलं!" सावलीत गप्प बसायचा हुकूम मोडून तो आणि त्याचे तिघं धावले. चौघांनी गलबत हलत नाही. आम्ही चाळीस जण तेव्हा सजद्यात होतो, कपाळ जमिनीला लावून. कौलं एका अंगाला घरंगळत गेल्याचा आवाज त्या जमिनीतून माझ्या कपाळाला लागला.

सलाम फिरवून आम्ही धावलो, मी सवयीनं बुक नि दौत-टाक उचलून, तेव्हा गलबत कातळावर आडवं कलंडलं होतं. बगलेच्या दोन फळ्या फुटल्या होत्या. चिखलात लाल खापरांचा खच. नशीब, कोणाला लागलं नव्हतं.

शेठ खाली आले. मागून पाहुणे, मागून मौलवी. शेठ सरळ माझ्या बापापुढं जाऊन उभे राहिले.

"तू म्हातारा झालास की मूर्ख झालास? नमाज काय पळून जात होती?"

बापानं मान खाली घातली. "चुकलो, शेठ."

नमाज पळून जात नव्हती. शेठचं म्हणणं बरोबर होतं. अर्ध्या तासापूर्वी माझ्या बापानं तेच सांगितलं होतं. त्यानं सांगितलं तेव्हा ती ईमानातली खोट होती. शेठनी सांगितलं तेव्हा ती अक्कल झाली. शेठची नाही, मौलवींची नाही, मला त्या 'चुकलो'ची शिसारी आली. आणि मग आठवलं, असं 'चुकलो' म्हणायला लावणारं बुक माझ्याच काखेत आहे.

मौलवी म्हणाले, "बेपर्वाई हाही गुनाहच आहे." त्यांनी ते बयानाच्याच आवाजात म्हटलं. लोणी जराही वितळलं नव्हतं.

"मुन्शी," शेठ म्हणाले, "बुक उघड. तांडेलच्या नावापुढं नाराज लिही. तिन्ही एकदम. पाणी उतरतंय याची खबर वेळेवर दिली नाही, असंही लिही. पाहुण्यांनाही कळू दे, इथं नियम सगळ्यांना सारखा."

खबर वेळेवर मिळाली होती हे पाहुण्यांना ठाऊक होतं. तेव्हा माडीवर ते होतेच. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि त्यात बघत राहिले.

मी जागचा हललो नाही. बाप माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "लिही, पोरा. मी आता किती दिस कराचा हाय? तुझी नोकरी राहू दे."

मी धक्क्यावर बसून बुक उघडलं. टाक दौतीत बुडवला. बापाचं नाव शोधताना मधल्या पानावर हसनचाचाचं नाव लागलं, त्याच्यापुढचे तीन नाराज, वळणदार. मग बापाचं नाव आलं. मी लिहायला लागलो.

"एवढं काय लिहितोस?" शेठ म्हणाले. "एक शब्द लिहायचाय."

मी लिहून पुरं केलं. मग उभा राहून वाचलं. मोठ्यानं, बयान वाचावं तसं.

"नाव, तांडेल. जोहर, हजर. शेरा. गलबत तरंगत होतं आणि तांडेलनं खबर दिली, तेव्हा शेठ म्हणाले, आधी अल्ला, मग पाणी. गलबत फुटल्यावर शेठ म्हणाले, नमाज काय पळून जात होती."

गोविंदला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

शेठचा चेहरा त्या खापरांसारखा झाला. "दालदी तो दालदीच," ते म्हणाले.

मी विचारलं, "हेही लिहू?"

त्यांनी बुक हिसकावलं आणि ते पान फाडलं. चिखलात टाकलं. मग मला वखारीबाहेर काढलं. धक्के मारावे लागले नाहीत. माझा मीच चालत होतो.

माझ्या बापाला काढलं नाही. पाहुणे होते ना. "म्हातारा आहे, माफ केला," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि पाहुण्यांनी मान डोलावली. मी फाटकातून मागं वळून बघितलं. बाप चिखलात उतरून फुटलेली कौलं पाटीत भरत होता. त्यानं वर बघितलं नाही.

घरी तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच, "नाराज लिवायला हवं होतंस तू." तो अजून त्याच वखारीत जातो. नवा मुन्शी त्याच्यापुढं रोज राजी लिहितो, असं गोविंद सांगतो. माझ्या बापाच्या टाचांना चिरा पडल्यात. त्यांत कौलांचा लाल चुरा बसलाय, तो धुतला तरी निघत नाही. त्या टाचांना त्या बुकात रकाना नाही.

मी जाळ्यावर परत गेलो. पहाटे होडी, दुपारी किनारा. आता माझ्या अंगाला खरोखरच मासळीचा वास येतो.

मौलवींनी मोहल्ल्यात सांगितलं की मुन्शीनं दीन सोडला, धर्म सोडला. फार शिकलेल्यांचं असंच होतं म्हणाले. बऱ्याच जणांना ते पटलं. मी मशिदीत यायचं बंद केलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. शेठना पहिली सफ मोकळी मिळाली असती, मौलवींना बयानाला एक उदाहरण मिळालं असतं. ती सोय मी त्यांना करून देणार नाही. अल्ला शेठच्या वखारीत कामाला नव्हता. शेठच्या नादानं मी त्याला का सोडावं?

पहिल्या शुक्रवारी मी अंघोळ केली, धुतलेला कुडता घातला आणि अजान व्हायच्या आत मशिदीत गेलो. पहिल्या सफेत, इमामाच्या बरोबर मागं बसलो. मशीद भरत गेली. मागून कोणीतरी खांद्याला बोट लावलं. "उठ, शेठ आले." मी उठलो नाही. आणखी एकदा बोट लागलं. मी वळून बघितलंही नाही.

शेठना माझ्या उजव्या हाताला उभं राहावं लागलं. त्यांनी माझ्या आणि त्यांच्यामध्ये वीतभर जागा सोडली. सफेत जागा सोडली की तिच्यात शैतान येऊन उभा राहतो, असं मौलवींनीच आम्हाला शिकवलं होतं. मी सरकलो. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. अत्तराचा वास आला, उग्र, गोड, ओकारी आणणारा. मी रुमाल काढला नाही.

ते सरकले. त्यांच्या पलीकडचे सगळे सरकले. मी पुन्हा सरकलो.

तेव्हापासून प्रत्येक शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी जातो. माझा बाप शेवटच्या सफेत उभा राहतो, चपलांच्या जवळ. त्याच्यासाठी मी जागा धरत नाही, सफेत जागा धरता येत नाही. त्याला यायचं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी येईल. कोण राजी, कोण नाराज हे मी पुन्हा कोणासाठी लिहिणार नाही. आणि माझ्या कपाळाखालची चटई ज्याला घाण वाटत असेल त्यानं ती आता स्वतः धुवावी.

शेठ अजून जागा सोडतात. मी ती भरतो. ते सरकतात, मी सरकतो. त्यांच्या पलीकडचे आता मागच्या सफेत जातात, आणि त्यांच्या उजवीकडे चार हात जागा उरली आहे. त्यानंतर भिंत आहे.